मोटारीची आंघोळ: रोगण, ड्युको आणि वाचलेला वेळ

मोटार सावलीत उभी करावी. आधी नुसत्या पाण्याने धूळ भिजवून वाहू द्यावी, मगच हात लावावा. टपापासून सुरुवात करून खाली यावे. चाकांचे फडके वेगळे ठेवावे. पाणी पत्र्यावर वाळू देऊ नये, मऊ फडक्याने टिपून घ्यावे. घरी गाडी धुणाऱ्याचा वेळ वाचावा म्हणून आज हे पाच नियम सांगितले जातात. गंमत अशी की ते मोटारीहून जुने आहेत. मोटार रस्त्यावर आली तेव्हा तिच्या आंघोळीचे शास्त्र तयार होते, आणि ते घोडागाडीच्या मोतद्दारांनी घडवले होते.

हे नियम मुळात का पडले, एका रंगाने कारखान्यातले आठवडे कसे वाचवले आणि त्या वाचलेल्या वेळाची भरपाई पुढे कोणाच्या अंगणात झाली, याची ही कथा.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतली खासगी घोडागाडी ही लाकडाची वस्तू होती, पण तिची किंमत ठरे ती तिच्या कांतीवरून. लाकडावर आधी अस्तराचा थर, मग भेगा बुजवणारी लुकण, मग प्यूमिस दगडाच्या पुडीने ओली घासणी, मग रंगाचे अनेक थर आणि सर्वांत वर पारदर्शक रोगण. हे रोगण जवसाच्या तेलात कोपल नावाची राळ शिजवून केलेले असे. ते हवेतला प्राणवायू घेत सावकाश घट्ट होई. प्रत्येक थर वाळायचा, घासायचा, मग पुढचा थर. एक गाडी रंगवून बाहेर पडायला आठवडेच्या आठवडे लागत, आणि दमट हवा असली तर त्याहून अधिक.

एवढ्या कष्टाने आणलेली कांती फार नाजूक होती. ऊन पाण्याने रोगण मंदावे. साबणातला क्षार ते खाई. चुनखडीच्या रस्त्यावरचा चिखल वाळून बसला की त्याखाली डाग उमटे. घोड्याच्या मूत्रातून सुटणाऱ्या अमोनियाच्या वाफेनेसुद्धा चकाकी जाई, म्हणून त्या काळच्या जाणत्यांचा आग्रह असे की गाडीखाना आणि तबेला यांच्यामध्ये भिंत हवीच. उन्हात गाडी धुतली तर थेंब जागीच आटत आणि त्यांची वलये रोगणात कायमची उतरत.

मोतद्दाराचे काम या भयातूनच ठरले. गाडी फेरीहून परतली की चिखल वाळण्याआधी थंड पाणी. सांगाड्याला एक स्पंज, चाके आणि खालच्या लोखंडी भागांना दुसरा. कारण चाकाकडची वाळू सांगाड्यावर गेली तर महिन्याभराचे काम एका हातात ओरखडे. चाक धुताना गाडीचा आस एका लाकडी टेकूवर उचलून चाक फिरते ठेवायचे, म्हणजे तुंबा, आरे आणि धाव यांना उभ्या उभ्या पाणी मिळे. शेवटी शॅमॉय, म्हणजे माशाच्या तेलात कमावलेले मऊ कातडे, ओले करून पिळून त्याने पाणी टिपायचे. घासायचे नाही, टिपायचे. आज गाड्यांच्या निगेवर जे ज्ञान हौसेने सांगितले जाते, त्याचा गाभा इतकाच आहे.

पहिल्या मोटारी आल्या तेव्हा त्यांची अंगे घोडागाड्या बनवणाऱ्याच कारागिरांनी बांधली आणि तेच रोगण त्यांवर चढवले. लंडनमधल्या धनिकांच्या घरामागच्या तबेल्यांच्या गल्ल्यांत घोड्यांच्या जागी मोटारी उभ्या राहिल्या. मोतद्दाराच्या जागी शोफर आला. हा शब्द फ्रेंच, मूळ अर्थ भट्टीत कोळसा घालणारा. यंत्र दुरुस्त करणे, चालवणे आणि धुणे ही तिन्ही कामे त्याचीच. धुण्याला किती वेळ लागतो हा प्रश्न तोवर कोणी विचारला नव्हता. मालकाचा वेळ त्यात जात नव्हता, आणि नोकराचा वेळ मोजायची पद्धत नव्हती. वेळ वाचवण्याच्या युक्त्या हव्या झाल्या त्या नोकर नसलेला माणूस मोटारीचा मालक झाल्यावर.

तो मालक हेन्री फोर्डने घडवला. १९०८ मध्ये मॉडेल टी बाजारात आली. १९१३ मध्ये डेट्रॉइटजवळच्या हायलँड पार्क कारखान्यात सरकती जुळणी-रांग सुरू झाली आणि साडेबारा तासांच्या आसपास लागणारी चासीची जुळणी वर्षभरात ९३ मिनिटांवर आली. इथे एक विचित्र कोंडी उभी राहते. गाडीचा सांगाडा दीड तासात जुळतो, पण जुन्या पद्धतीने रंगवायचा तर तो दोन ते चार आठवडे वाळत राहणार. रोज हजार गाड्या करणाऱ्या कारखान्याला मग वाळणाऱ्या हजारो गाड्यांसाठी धूळ न येणारे छप्पर हवे. यंत्राने जिंकलेला वेळ रंगाने गिळून टाकला असता.

१९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळे, हे सर्वांना ठाऊक असते. काळा रंग सर्वांत लवकर वाळतो म्हणून तो निवडला, ही कथाही ठाऊक असते. ती मात्र अर्धवट आहे. मोटारीच्या निरनिराळ्या भागांना वेगवेगळ्या प्रकारचे काळे रंग लावले जात. काही भाग रंगात बुडवून भट्टीत भाजत, काहींवर रंग ओतत. डांबरी द्रव्य आणि तेल यांपासून केलेला हा काळा रंग स्वस्त होता, टिकाऊ होता आणि भट्टीची उष्णता सोसणारा होता. भट्टीत त्याचा काळेपणा बिघडत नसे, पण फिकट रंग पिवळट पडत. फोर्डने कोंडी फोडली ती रंगांची निवड सोडून देऊन.

दुसऱ्या वाटेने ती फोडली ड्यू पाँ कंपनीने. ही मूळची दारूगोळा बनवणारी कंपनी. पहिल्या महायुद्धात तिने बिनधुराच्या दारूचे डोंगर विकले. या दारूचा पाया नायट्रोसेल्युलोज, म्हणजे कापसाच्या तंतूवर नत्राम्लाची क्रिया करून मिळणारे द्रव्य. युद्ध संपल्यावर कारखाने होते, कसब होते, गिऱ्हाईक नव्हते. नायट्रोसेल्युलोज द्रावकात विरघळवून पातळ थर देता येतो, हे आधीपासून माहीत होते. अडचण अशी की ते फार दाट होई. फवारण्याइतके पातळ करावे तर त्यात द्रव्य इतके थोडे उरे की रंग झाकला जात नसे.

१९२० च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतल्या पार्लिन इथल्या ड्यू पाँच्या कारखान्यात नायट्रोसेल्युलोजचे एक मिश्रण उकाड्यात काही दिवस तसेच पडून राहिले. उघडून पाहिले तर दाट चिखलाऐवजी पातळ पाक. त्यातल्या सोडियम अॅसिटेटने आणि उष्णतेने लांब रेणू तुटून आखूड झाले होते. आता पातळ द्रावणात भरपूर द्रव्य मावू शकत होते. एडमंड फ्लॅहर्टी या रसायनज्ञाच्या नावावर हा शोध जमा आहे. पुढची दोन-तीन वर्षे ड्यू पाँ आणि जनरल मोटर्स यांनी मिळून तो मोटारीच्या पत्र्यासाठी घोटला. जनरल मोटर्सच्या संशोधनाचे प्रमुख चार्ल्स केटरिंग याच्या मागे हट्टाने लागले होते. रंग लावायला तास लागावेत, आठवडे नव्हे, ही त्यांची मागणी रंगवाल्यांना वेडेपणाची वाटली होती.

१९२३ मध्ये ओकलंड मोटारीवर हा रंग निळ्या छटेत दिसला. त्या गाडीचे नाव पडले ट्रू ब्लू. रंगाचे नाव ड्युको. हवेच्या दाबाने फवारायचा, द्रावक उडून जाताच थर कोरडा. आठवड्यांचे तास झाले. शिवाय छटा हव्या तेवढ्या, त्याही उन्हात टिकणाऱ्या. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी या एका गोष्टीवर विक्रीची अख्खी नीती उभारली: दरवर्षी नवे रूप, प्रत्येक खिशाला वेगळी गाडी. १९२७ मध्ये कंपनीने रंग आणि आकार यांचा स्वतंत्र विभाग काढून तो हार्ली अर्ल यांच्या हाती दिला. दीड कोटी मॉडेल टी विकून झालेल्या फोर्डला शेवटच्या काळात रंगांकडे परतावे लागले, आणि त्याच १९२७ मध्ये ती गाडी बंद झाली. तिच्या अंताची कारणे अनेक, पण काळा रंग त्यांतले एक होते.

(थोडे विषयांतर. मेक्सिकोचे भित्तिचित्रकार दाविद सिकेरोस या रंगावर इतके लुब्ध झाले की त्यांना लोक गमतीने ड्युकोच म्हणू लागले. १९३६ मध्ये न्यू यॉर्कमधल्या त्यांच्या कार्यशाळेत मोटारीचा रंग सांडत, ओतत, शिंपडत चित्रे काढणाऱ्या तरुणांमध्ये जॅक्सन पोलॉकही होता.)

रंगाचे हे नाते न्यायालयापर्यंत पोचले. ड्यू पाँकडे जनरल मोटर्सचे २३ टक्के भाग होते, आणि जनरल मोटर्स आपल्या रंगापैकी सुमारे दोन-तृतीयांश ड्यू पाँकडूनच घेत होती. १९५७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही मालकी स्पर्धेला मारक ठरवली. मोटारीचा रंग आणि बैठकीचे कापड ही त्या निकालाची मुख्य सामग्री होती.

आता मूळ प्रश्न. कारखान्यात वाचलेले आठवडे गेले कुठे?

फवाऱ्यातून उतरलेला ड्युकोचा थर मंद तकाकीचा असे. चमक हवी तर तो घोटावा लागे. कारखान्यातला घोटणारा पगारी होता. पण गाडी घरी आल्यावर उन्हाने आणि हवेने वरच्या थराची झीज सुरू होई. बांधणारे द्रव्य कुजे आणि रंगद्रव्य मोकळे होऊन खडूसारखी भुकटी वर येई. बोट फिरवले की बोटाला रंग. उपाय एकच: सौम्य खरवड असलेल्या पॉलिशने मेलेला थर काढायचा आणि खालच्या ताज्या थरावर मेण चढवायचे. रोगणाची गाडी जपायची असे, ड्युकोची गाडी घासायची. जपणे मोतद्दाराचे काम होते. घासणे मालकाच्या शनिवारवर आले.

या शनिवारवर एक उद्योग उभा राहिला. शिकागोच्या सिमोनाइझ मेणाचे नाव तर इतके रुळले की अमेरिकी इंग्रजीत गाडी चकाकवण्याचे ते क्रियापदच झाले. १९४० च्या दशकात त्याच शहरात बेन हर्श यांनी प्लास्टोन नावाचे द्रवरूप मेण काढले. पुढे त्याचेच टर्टल वॅक्स झाले. हर्श रस्त्यावर उभ्या असलेल्या अनोळखी गाड्यांचे एक मडगार्ड चकाकवून ठेवत आणि मालक परतला की त्याला बाटली विकत, असे सांगतात. उरलेली गाडी निस्तेज दिसू लागल्यावर नाही म्हणणे सोपे नसे.

या मेणांतले मानाचे स्थान कार्नौबाला. ईशान्य ब्राझीलमधला एक ताड कोरड्या हवेत आपल्या पानांतले पाणी उडू नये म्हणून त्यांवर मेण धरतो. पाने वाळवून, झोडून ते काढतात. हे मेण ८० अंश सेल्सियसच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही, म्हणून उन्हात तापलेल्या पत्र्यावरही ते टिकते. मेणाने चमक येते हे खरे, पण घरी गाडी धुणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण दुसरा आहे. मेणावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन घरंगळते आणि जाताना धूळ नेते. पुसण्याचे काम त्याने निम्म्यावर येते. चार महिन्यांतून एकदा तासभर मेण लावणाऱ्याचा दर आठवड्याला वेळ वाचतो, हा हिशेब मात्र जाहिरातींनी क्वचितच सांगितला. त्यांना चकाकी विकणे सोपे गेले.

घासण्याचा कंटाळा असलेल्यांसाठी यंत्रेही आली. फोर्डच्या रांगेचेच अनुकरण करून डेट्रॉइटमध्ये गाड्या एका टोकाला मळक्या घेऊन दुसऱ्या टोकाला धुतलेल्या बाहेर काढणाऱ्या धुलाईघरांचा आरंभ १९१४ च्या सुमाराचा सांगतात. तेव्हा गाडी माणसे ढकलत; पुढे साखळ्या आणि फिरते ब्रश आले.

बादलीतही क्रांती झाली. साबण जड पाण्यातल्या चुन्याशी संयोग पावून चिकट साका धरतो, आणि हाच साका पत्र्यावर पांढुरका पडदा होऊन बसे. दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम अपमार्जके घरोघर गेली. ती साका धरत नाहीत. मात्र भांड्यांचे अपमार्जक तुपाचा ओशटपणा काढण्यासाठी केलेले असते, आणि त्याला तूप आणि मेण यांतला फरक कळत नाही. एका धुण्यात ते महिन्याचे मेण घेऊन जाते. गाडीसाठी वेगळा शाम्पू विकत घ्यावा की नाही या घरगुती वादाचे उत्तर एवढ्यात आहे.

१९७० आणि ८० च्या दशकांत पुन्हा पाया बदलला. मोटारीच्या रंगाचे दोन थर झाले: खाली रंग, वर रंगहीन पारदर्शक थर. घोडागाडीचे रोगण शंभर वर्षांनी नव्या रसायनात परत आले म्हणा. आता उन्हाने भुकटी सुटेना आणि फडक्याला रंग लागेना. दर शनिवारी घासण्याची गरज संपली. सवय मात्र राहिली, आणि तिथेच नुकसान सुरू झाले.

हा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो. डोक्याचा केस त्याहून जाड. वाळूतला क्वार्ट्झ कठीणतेच्या मोजपट्टीवर ७ वर बसतो, म्हणजे पोलादी चाकूहूनही वर. कोरड्या धुळीवरून कोरडे फडके फिरवले की प्रत्येक कण लेखणी होतो. उन्हात काळ्या गाडीवर दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात, ती अशा फडक्यांची अक्षरे. एरवी घाईत सोडून दिले जाणारे काम, म्हणजे हात लावण्याआधी दोन मिनिटे नुसते पाणी सोडणे, हेच सर्वांत जास्त वेळ वाचवते; कारण ओरखडे घालवायला मग यंत्राने थर झिजवण्यात अख्खा दिवस जातो, आणि झिजलेला थर परत येत नाही.

दुसऱ्या बादलीचे कारणही हेच. एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधे पाणी. फडके प्रत्येक दरवाज्यानंतर आधी साध्या पाण्यात खळबळायचे, म्हणजे वाळू तिथे बसते. चाकांवरची काळी पूड ब्रेकमधून उडालेल्या लोखंडाची असते आणि ती तापलेली असताना चिकटते. म्हणून चाकांवर आधी शाम्पूचे पाणी मारून ठेवावे आणि बाकी गाडी होईपर्यंत ते भिजू द्यावे. हातांना जे पाच मिनिटे लागतात ते पाणी फुकट करते. शॅमॉयची जागा आता सूक्ष्मतंतूच्या कापडाने घेतली आहे. अतिबारीक कृत्रिम तंतूचे कापड जपानच्या तोरे कंपनीने १९७० मध्ये कृत्रिम स्वेडच्या रूपात आणले होते. स्वयंपाकघरात आणि गाडीच्या डिकीत तसे तंतू पुढे आले. त्याची लव कण पोटात घेते, पत्र्यावर फिरवत नाही. फक्त ते जमिनीवर पडले तर त्या दिवसापुरते बाजूला ठेवावे.

भारतात ही सारी पर्वे एकमेकांवर चढली. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला. पुढे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरने कुर्ल्यात मोटारी केल्या. आणि ड्युको हे नाव तर इथे गाड्यांच्या पलीकडे गेले. आजही सुतार कपाटाला ‘ड्युको मारू का?’ असे विचारतो, तेव्हा त्याच्या तोंडी पार्लिनच्या उकाड्यातला तो पाक असतो.

मात्र अमेरिकेतल्यासारखा मालकाचा शनिवार इथे फारसा आलाच नाही. मोतद्दारानंतर शोफर आणि शोफरनंतर पहाटे बादली घेऊन सोसायटीत येणारा गडी, असा हा वारसा सरळ चालत आला. महिन्याच्या ठरलेल्या पैशांवर तो ओळीने गाड्या पुसतो. वेळ वाचवण्याची कला कोणाला येत असेल तर त्याला. एका गाडीला जास्त मिनिटे दिली तर शेवटच्या गाडीचा मालक कामाला निघालेला असतो.

त्याच्या बादलीवर आता पाण्याचाही हिशेब आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत ५ लाख लिटर होते. त्या उन्हाळ्यात नळीने मोटार धुणारा माणूस लोकांच्या डोळ्यांत खुपू लागला. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घालून ५,००० रुपये दंड ठेवला. जर्मनीत अनेक नगरपालिका घरासमोर गाडी धुऊच देत नाहीत. तिथे भीती पाणी संपण्याची नसून गाडीचे तेल आणि अपमार्जक भूजलात उतरण्याची आहे. उत्तर म्हणून न खळबळता पुसायची द्रावणे निघाली आहेत. त्यांतले बहुवारिक कणाभोवती निसरडे वेष्टण करते आणि एका बादलीत गाडी होते. हलक्या धुळीला ती चालतात, पावसाळ्यातल्या चिखलाला नाही.

पहाटेच्या गड्याकडे बहुधा ते द्रावण नसते आणि दुसरी बादलीही नसते. पहिल्या गाडीची वाळू त्याच पाण्यातून दहाव्या गाडीपर्यंत जाते, आणि मालक वर्तुळाकार ओरखड्यांचा दोष त्याच्या हाताला देतात. मोतद्दाराला दोन स्पंज मिळत, ते मालकाच्या खर्चाने. इथे दुसरी बादली कोणी आणून दिलीच, तरी ती भरायला त्याला पुन्हा कोपऱ्यातल्या नळापर्यंत जावे लागते, आणि तो नळ सहानंतर बंद होतो.